उडी नदीत पोचते का?

५ फेब्रुवारी

ठरलं! रविवारी मावशीला घेऊन नदीकाठच्या किल्ल्यावर. तिच्या लाडक्या कादंबरीतली नायिका ज्या खिडकीतून नदीत उडी घेते, ती खिडकी तिथली. लेखक तिथेच पाहुणा म्हणून राहून लिहायचा म्हणे. उडीबरोबर पुस्तक संपतं, पुढे काही नाही. मावशीने इतकी पारायणं केलीत की पानं सुटी झालीत. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आता मागितली ती ही खिडकी!

७ फेब्रुवारी

काळजी एकच—आमचे मोजणीदार. जमिनी मोजून मोजून ह्यांना खरं बोलण्याची खोडच जडलीय. माझ्या भावाच्या लग्नात, "हॉल सांगितला त्याहून लहान आहे," हे भर जेवणात व्याह्यांना ऐकवणारा माणूस! आज बजावलं, "किल्ल्यावर तोंड उघडायचं नाही."

"कुणी विचारलं तर?"

"तर गोड बोलायचं."

"म्हणजे खोटं?"

देवा, मला बळ दे.

११ फेब्रुवारी, रविवार

पायांचे तुकडे पडलेत, पण लिहितेच.

लेखकाचं टेबल, दौत, चष्मा—मावशीने कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. गाइडबाई रंगात आलेल्या, ही मध्येच, "खिडकी कुठंय?"

जिना चढून वर गेलो. डोकावले. नदी आहे, पण लांब! खिडकीपासून जेमतेम पुरुषभर खाली उंचवट्यावरची बाग, मऊ गवताची, चांगली ऐसपैस. "ही बाग किल्ल्याइतकीच जुनी," गाइडबाई कौतुकाने म्हणाल्या. ह्यांनी एक डोळा मिटून अंदाज घेतला. माझ्या कानात, "छे! उडी अर्ध्यातही नाही जायची."

तेवढ्यात मावशी वळली. "जावईबापू, तुम्ही मापातले. खरं सांगा हं, पोचेल का उडी नदीत?"

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. जोरात. हे लाल झाले. "पोचेल... पोचेल की, मावशी."

लग्न झाल्यापासूनचं पहिलं खोटं! चारचौघांत मिठी मारावीशी वाटली मला.

"असं का," मावशी म्हणाली. परतताना गाडीत सारखी डोळे पुसत होती. बाई माझी भरून पावली!

१२ फेब्रुवारी

मोजणीदार ताटावरून अर्धपोटी उठले. "चुकीचं माप दिलं मी." म्हटलं, पुण्य लागेल. "मापात पुण्य नसतं," म्हणे. घ्या!

१४ फेब्रुवारी

मावशी फोनवर नुसतं हूं-हूं करते. म्हणे सर्दी झालीय.

१५ फेब्रुवारी

हे परस्पर मावशीकडे जाऊन सगळं ओकून आले!! मी भांडी आपटली. "तिचं जन्मभराचं स्वप्न मोडलंत!"

"त्या रडल्या," हे म्हणाले.

"रडणारच!"

"मग हसल्या. दोनदा चहा दिला मला."

धक्का बसला असणार तिला. उद्या जाऊन माफी मागते.

१६ फेब्रुवारी

मी निघायच्या आतच मावशीचा फोन. "अगं मेले, तूच शिकवलंस होय त्यांना? जन्मभर आशा धरून होते मी! एक खरं बोलणारा माणूस घेऊन तिथवर गेले, तर तू त्याचं तोंड दाबलंस! चार दिवस पोरीचं सुतक धरून बसले गं—आणि ती पडली गवतावर! पाय मुरगळला असेल फार तर!"