इंदूच्या चौरंगाची कड

धुळे, आश्विन शु. ४

सगळं फिरलं ते काल दुपारी. ज्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकतोय त्या नाना मिस्त्रींना सहज विचारलं, हा सागाचा चौरंग कुणाचा? म्हणाले, "आबासना. इंदूना साखरपुडा शे, कोजागिरीले."

मागच्या गल्लीतल्या आबांची मुलगी, इंदू. मुलगा जामनेरचा.

प्राध्यापकांशी भांडलो म्हणून अमळनेरचं कॉलेज सोडलं असं लोकांना सांगतो. खरं कारण ती, ती इथे धुळ्यात म्हणून. तिला कळलंय की नाही, देव जाणे. आणि चौरंगाची कड गोल करायचं काम नानांनी माझ्याच गळ्यात घातलं!

शु. ५

दिवसभर टाकाऊ फळीवर सराव. गोल कडेचा रंधा वेगळाच, जरा कलला की लाकूड कुरतडतो. नानांचे नियम: फळी शिकंज्यात आवळ. दोन्ही हात रंध्यावर, पात्यापुढे बोट नाही. पातं धरणारी पाचर दर वेळी ठोकून बघ. आधी आखूड बाजू, मग लांब, नाहीतर कोपरा उडतो.

"कॉलेज, ध्यान कोठे शे तुनं?"

कॉलेज म्हणजे मी.

शु. ७

इंदू आली. आबांचा निरोप, कड धारदार नको, साडी अडकते. मग हळूच, "तुम्ही करताय? मग नीट करा."

नीट करा म्हणजे काय? लग्न हवंय म्हणून? की माझ्या हातचं आहे म्हणून? दोन आखूड, एक लांब कड झाली. चांगली झाली. चांगली का करतोय मी? मध्येच वाटलं, एक उलटा हात मारावा, कोपराच उडवावा. रंधा उचलला. परत ठेवला.

शु. ९, खंडेनवमी

डावा अंगठा बांधलेला. लिहिता येतंय.

आज हत्यारांची पूजा, कुणी हात लावायचा नाही. नाना पाचोऱ्याला बहिणीकडे. दुपारी कळलं, जामनेरवाले उद्या सोनं द्यायला येणार. डोकंच फिरलं. झेंडूखालून रंधा ओढला. म्हटलं, आजच संपवतो हे. म्हणजे चौरंग की दुसरं काही, ते...

शिकंजाही पूजेत. तो नाही घेतला. फळी डाव्या हाताने दाबली, पात्याच्या पुढेच. पहिल्याच फेऱ्याला पातं निसटलं. पूजेआधी नाना सगळ्या पाचरी सैल करतात, पाती तेलाने पुसून नुसती टेकवून ठेवतात. काल तेलाची वाटी मीच धरली होती. मीच!

कडेची बोटभर ढलपी उडाली. चौरंगावर रक्त.

शु. १०

नाना आले. वाटलं, मारतील. अंगठा उलटासुलटा करून बघितला.

"चौरंग मोडना ते दुसरा करसू. आंगठा कोठून आणसू?"

पट्टी त्यांनीच परत बांधली.

"इंदूनी तुले काही सांगं का?"

"नाही."

"तू तिले इचारं का?"

"नाही."

"मंग रंधासंगे काय भांडस?"

दसऱ्याचं सोनं द्यायला कुणाकडेच गेलो नाही.

शु. १२

काल नानांनी दोन्ही लांब बाजू बोटबोट कापून सरळ केल्या. डागही त्यातच गेला. कडा मात्र मलाच करायला लावल्या. "हातनी भीती जावाले पाहिजे." भीती होतीच. पाचर तीनदा ठोकली. शिकंजा इतका आवळला की नाना हसले. पातळ पातळ फेरे. झाल्या.

संध्याकाळी इंदू. अंगठ्याकडे बघत, "खूप लागलं?"

"नाही."

कडेवरून हात फिरवला तिने, चारी बाजूंनी. "अरुंद झाला."

"माझ्यामुळे."

"आबा मोजतील."

"मोजू देत."

हसली की काय? उजेड कमी होता. "उद्या कोण आणून देणार?" एवढं विचारून उत्तर न ऐकताच गेली. आता याचा अर्थ काय लावायचा?

शु. १३

नाना म्हणाले, "तूच लई जाय."

सकाळपासून वाक्यं जुळवतोय, एकही तोंडात बसत नाही. आबांना आधी सांगावं, अरुंद का झाला ते. की तिलाच विचारावं, आबांसमोर, "हे लग्न तुम्हाला हवंय का?" एवढंच. हो म्हणाली तर चौरंग ठेवून परत. नाही म्हणाली तर... पुढचं सुचत नाही. आबा हाकलून देतील. देऊ देत.

चौरंग बाहेर ओट्यावर काढून ठेवलाय. आता उठतो. दार बाहेरून लावतो आणि निघतो.