गोठ्याच्या दारातली खाट

ती. बाबांना ठमीचा नमस्कार.

मी मजेत आहे. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

पोट खाली उतरलंय, त्यामुळे श्वास मोकळा झालाय. कंबर मात्र सकाळपासून भरून येते आणि सुटते. नर्सबाई म्हणाल्या, कळा ठरावीक वेळानं येऊ लागल्या की निघा.

आई असती तर हे तिलाच लिहिलं असतं. हसू नका, पण आज कुणाशी बोलावंसंच वाटत नाही, बाजूला जाऊन उभी राहते. आपली गाय व्यायच्या आधी अशी करायला लागली, की तुम्ही मुकाट्यानं गोठ्याच्या दारात खाट टाकायचात.

तुमचे जावई आज कामावर गेले नाहीत. मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही. खुर्ची दारात ओढून बसलेत.

तुमचीच,
ठमी