रोझाला योनाची गोष्ट कशी सांगू?

प्रिय आये,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहितेय. कारण चांगलं नाही. तुझ्या धाकट्याची, पास्कूची होडी परवाच्या वादळात सापडली, ती अजून मढला परतलेली नाही. बरोबरच्या चारही आल्या. ट्रांझिस्टर कानाला लावून बसले तरी काही कळत नाही. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

पास्कूची बायको रोझा पोटुशी आहे. सकाळपासून किनाऱ्यावर बसून होती, आत्ता कशीबशी घरात आणली. टेकली आणि म्हणाली, "ताय, योनाची गोष्ट सांग. आय सांगायची तशी." चहा ठेवते म्हणून मी आत आले आणि हे लिहीत बसले. भित्री कुठली!

काय रंगवून सांगायचीस गं तू! देवाने योनाला निनवे शहरात जा म्हटलं, तर हा संदेष्टा उलट दिशेच्या गलबतात चढला. वादळ उठलं, खलाशांनी त्याला पाण्यात टाकलं, माशाने गिळलं आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकलं. मासा केवढा, तेही तू हात पसरून दाखवायचीस. बाबा समुद्रावर गेले ते परतले नाहीत, पण तू चर्चमध्ये त्यांच्या नावाचा मिस्सा, ती प्रार्थना, बारा वर्षं होऊ दिली नाहीस. ती मेलेल्यांसाठी असते, म्हणायचीस.

मग मी शहाणी झाले! खाडी ओलांडून वर्सोव्याला, तिथून अंधेरीला बायबलच्या वर्गाला जायला लागले. फादरांनी शिकवलं, की इतर संदेष्ट्यांच्या पुस्तकांत त्यांची वचनं असतात. योनाचं वचन एका ओळीचं, बाकी सगळी गोष्ट. त्यात पश्चात्ताप म्हणून निनवेची गुरंसुद्धा गोणपाट नेसून उपास करतात. म्हणजे हा इतिहास नव्हे, बोधकथा. तू मासळी साफ करत होतीस, तिथेच मी तुला हे घडाघडा ऐकवलं.

तू एवढंच विचारलंस, "मंग तो यायचा नाय?"

मला वाटलं, योनाबद्दल विचारतेस. नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू बाबांसाठी मिस्सा सांगून आलीस, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मला शिव्या का नाही घातल्यास? एरवी तुझी जीभ काय कमी चालायची?

फादर म्हणाले होते, बोधकथा म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. ते सांगायचं राहूनच गेलं. हुशारी दाखवायची घाई होती ना!

आता रोझा वाट बघतेय. खरी घडलेली म्हणून सांगितली आणि पास्कू आलाच नाही तर? नुसती बोधकथा म्हटलं, तर तुझा तेव्हाचा चेहरा मला पुन्हा बघावा लागेल. आये, मला फार भीती वाटते गं.

पण वचन देते. आत्ता उठते आणि तिला गोष्ट सांगते, माशासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिने "तो येईल ना?" विचारलं, तर माहीत नाही म्हणेन. मलाही भीती वाटतेय, हेही सांगेन. आणि तिचा हात धरून बसेन. तुझा धरला नव्हता.

तुझी,
मार्था