बिनरांगोळीचं दार

१९ डिसेंबर १९८८
माझ्या भावानं, जयतीर्थानं, आज पोटच्या पोराची रांगोळी पायानं पुसली. घरात तोंड उघडलं की भांडण होतं, म्हणून इथं लिहिते.

भावजय वेंकटलक्ष्मी कमरेच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. मी विधवा — दारात माझी रांगोळी चालत नाही. माझं बी.ए. चालतं! म्हणून तिनं मुलाला, व्यासराजाला, ठिपके शिकवले. पंधरा वर्षांचा पोर, पण हात आईचाच. मार्गळी महिन्याच्या थंडीत लोक थांबून बघायचे.

"मिशी फुटली तरी बायकी धंदे!" जयतीर्थ ओरडला — आणि थोबाडीत. वर तुच्छतेनं हसून, "रडलास तर आणखी देईन."

२२ डिसेंबर
मद्रासहून पंकजा नावाची संशोधक मुलगी आली आहे. शाळेतल्या पोरांचा पुरुषीपणा मोजते म्हणे. जसा ताप मोजतात! रडू येतं का, घरकामाची लाज वाटते का. इंग्रजी प्रश्नांचं तमिळ मीच करून दिलं.

२८ डिसेंबर
समोरच्या गोमतीमामी आल्या, आवाज उतरवून — "कोण गेलं?"
सुतकातच दार असं बिनरांगोळीचं राहतं. मी म्हटलं, "सगळे आहेत. पुरुषसुद्धा."
वेंकटलक्ष्मीला आत ऐकू गेलं. "अक्का, मी गेले का हो?" ती हसली. मला जमलं नाही.

३ जानेवारी १९८९
पंकजा खूश. "तुमचा भाचा शाळेत पहिला!" रडत नाही, भीत नाही, बायकांच्या कामाला हात लावणारा पुरुषच नव्हे म्हणतो. मनात कसलीही ओढाताण नाही!

घरी व्यासराजाला विचारलं, "खरं लिहिलंस?"
"अप्पांना चालेल ते लिहिलं, आत्या."

पंकजाला सांगितलं — तू बाप मोजलास.

९ जानेवारी
आता देवळातही जयतीर्थाला विचारतात, घरी काय झालं. आज पोराला म्हणाला, "घाल रे रांगोळी. पोंगल आला."
"बायकी काम आहे, अप्पा."
याचा हात वर गेला, तिथंच राहिला. मारणार कशाबद्दल?

१४ जानेवारी, पोंगल
रांगोळीच्या पिठाचा डबा वेंकटलक्ष्मीनं पडल्या पडल्या जयतीर्थाच्या हातात दिला. त्यानं घेतला, दारात जाऊन बसला. ठिपके वाकडे.
व्यासराज उंबऱ्यात उभा होता. बापाकडे बघून हसला — अगदी बापासारखा.