खंडेनवमीला सुई बंद

२६ सप्टेंबर

कोंडीराम आज परत पळाला! वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या, नव्या घेतल्या, आणि मी 'रक्ततपासणी' म्हणायच्या आत गाडीला किक. धन्य आहे! "स्वतःला टोचून घेतोस, आणि माझी एक सुई म्हटली की पळतोस?" असं ओरडले, तर पुढच्या गिरणीतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांना वाटतं, या मागच्या खोलीत बसून, नशा करणाऱ्यांना नव्या सुया वाटून मी पोरं बिघडवते. वाटू दे.

पण हे हसण्यावारी नेऊन चालायचं नाही. पूर्वी तो दुसऱ्याची सुई वापरायचा. दिवाळीनंतर पुनमशी लग्न आहे. एचआयव्ही आहे की नाही, आधी कळायला नको?

२९ सप्टेंबर

आज धरलाच. चहा पाजला, तेव्हा खरं बोलला— "ताई, भ्या सुईचं न्हाई. काय निघालं तर पुनम लगीन मोडंल." नशेचं तिला ठाऊक आहे. मी म्हटलं, आणि न तपासता केलंस तर? बुधवारी येतो म्हणाला.

१ ऑक्टोबर

बुधवार— आणि खंडेनवमी! माझं डोकं कुठं होतं? चाकणात आज कोण हत्यार उचलतंय! कोंडीराम कंपनीत लेथवर काम करणारा गडी, झेंडूचा हार घेऊनच आला. सुयांच्या डब्याला हळदकुंकू, नव्या सुयांच्या खोक्याला हळदकुंकू. रक्त घ्यायला आलेला बुद्धरत्न बघतच राहिला, तर त्याच्या ट्रेलाही कुंकू! "पूजा झाली. आता आज हात लावायचा न्हाई!" राग आला होता, प्रसादाच्या खोबऱ्याबरोबर गिळला.

पंचाईत पुढंच. बाकीची पोरंही पुजलेल्या सुया उचलेनात! जुन्याच एकमेकांच्या वापरतील म्हणून कपाटातला दुसरा खोका काढला, पूजा व्हायच्या आत वाटून टाकला.

२ ऑक्टोबर

दसरा. श्रीखंड जास्त झालं. झोपले.

४ ऑक्टोबर

काय बाई आहे ही पुनम! गिरणीत दळण टाकायला आली, बायकांकडून पूजेची गंमत ऐकली, आणि कंपनीतून सुटलेल्या कोंडीरामला मनगट धरून आत आणलं. "विजयश्रीताई, घ्या ह्याचं रक्त!" तो पांढराफटक. मग तीच खुर्चीत बसली, बाही वर केली— "आधी माझं घ्या. बघ रे, काय होतंय का!"

तिला नीट समजावलं. निकाल काहीही येऊ शकतो, विचार करून हो म्हण. "माझ्यात काय निघणार, ताई!" हसतच सुटली. तिच्यानंतर कोंडीराम बसला, डोळे गच्च मिटून "येळकोट येळकोट!" बुद्धरत्न म्हणाला, "जय मल्हार, झालं की राव!" फार दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. गिरणीतल्या बायकांनी चहा पाठवला. पहिल्यांदाच!

७ ऑक्टोबर

कोंडीराम निगेटिव्ह. पुनम पॉझिटिव्ह.

तिला एकटीलाच आत सांगितलं. मला रडू आलं, तिला नाही. बाहेर जाऊन तिनंच त्याला सांगितलं. कुठून, कसं— त्यानं काही विचारलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसला. मग मला म्हणाला, "लगीन ठरल्या तारखेलाच हाय, ताई. हिचं औषध कुठं मिळतं तेवढं सांगा."