अभ्यास चालू आहे

१ मार्च, सोमवार. पहाटे ५.१०
उठलो. गजर साडेचारचा होता, पण पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला अकरा आठवडे. तिसरा अटेम्प्ट. खरं तर दुसराच. पहिल्या वर्षी मी हॉलमध्ये गेलोच नव्हतो, आणि जिथे गेलोच नाही तो अटेम्प्ट कसला?
टाइमटेबल तयार. फिजिकल निळ्यात, ऑरगॅनिक हिरव्यात, इनऑरगॅनिक लाल. रिव्हिजन पिवळ्यात लिहिली तर दिसेचना. नवा पेन आणणे.
वय एकतीस. कॉलेजच्या लॅबमध्ये सात वर्षं पोरांसाठी ब्युरेट भरून ठेवतोय. पोरं मला काका म्हणतात. तीन वर्षांनी सर म्हणतील.

३ मार्च, बुधवार
आईने शिलाई मशीन बंद केलं. लोकांचे कपडे न शिवताच परत पाठवले. म्हणाली, तुझा अभ्यास आहे, उगाच खडखड कशाला. केवढा हा त्याग! सत्काराच्या वेळी भाषणात घ्यायला हवं.
अभ्यास: झाला नाही. एवढ्या शांततेची सवय नाही.

९ मार्च, मंगळवार
मोटिव्हेशन कमी पडतंय हे लक्षात आलं. एका टॉपरचे व्हिडिओ बघितले, तीन तास. तो चारला उठून थंड पाण्याने अंघोळ करतो. नोट्स काढल्या, सात पानं. केमिस्ट्रीच्या नसल्या तरी नोट्स त्या नोट्सच.

१० मार्च
थंड पाण्याने अंघोळ केली.

११ मार्च
सर्दी. अभ्यास बंद.

१५ मार्च, सोमवार
विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. फॉर्मला लागणारं अनुभवाचं पत्र त्यांनी स्वतः टाइप करून, सही-शिक्क्यानिशी तयार ठेवलं होतं. म्हणाल्या, तुझा हात फार स्वच्छ आहे, माझ्या लेक्चरर लोकांना असं टायट्रेशन जमत नाही. पंधरा एप्रिल शेवटची तारीख, तोवर थांबू नकोस. म्हटलं, आजच भरतो.
घरी येऊन बसलोच होतो भरायला. फोटो लागतो. माझ्या सगळ्या फोटोंत मी फरार असल्यासारखा दिसतो. भावी प्राध्यापकाला शोभेल असा एक काढून घ्यायला हवा. घाईघाईत काही करायचं नाही.

२२ मार्च, सोमवार. संध्याकाळी
आई हल्ली सारखी दारात येऊन उभी राहते. किती झालं, विचारते. सांगितलं, अर्धं झालं. (पहिल्या धड्यातलं अर्धं. म्हणजे खोटं नाही.) तिचा चेहरा खुलला.
मग म्हणाली, जरा बसू का रे तुझ्याजवळ? बोलणार नाही, नुसती बसते. मी समजावलं की माझं लक्ष उडतं, परीक्षा झाली की आपण दिवसभर बसू. बरं म्हणाली आणि भिंतीला धरत गेली. शिस्त म्हणजे शिस्त.
नंतर मोबाइलवर पाऊण तास गेला, पण तो ब्रेक होता.

२९ मार्च, सोमवार
ताई आली. मुलांना सासरी ठेवून, भली मोठी बॅग घेऊन. मी विचारलं, अचानक कशी? म्हणाली, आईची आठवण आली. ऐन अभ्यासात माणसांना आठवणी कशा येतात कळत नाही.
आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं तिने. काय झालं विचारलं तर म्हणे ॲसिडिटी. आई बारीक झालीय खरी. मी म्हटलं, छान दिसतेस. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.
दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की गप्प होतात. अभ्यासाचा मान राखतात, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

८ एप्रिल, गुरुवार
फोटो काढला. बरा आला. नवं टाइमटेबल केलं, कारण जुन्यात मार्च होता.

१५ एप्रिल, गुरुवार
रजा घेतली. दुपारी तीनला फॉर्म उघडला, साडेतीनला पूर्ण भरून झाला. फोटो, सही, बाईंचं पत्र, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं. पाच वाजेपर्यंत मुदत होती.
बोट बटणावर ठेवलं आणि मनात आलं, हे दाबलं की परीक्षा खरीखुरी होणार. निकालही खरा लागणार. म्हटलं, आधी चहा घेऊ. चहा घेतला. मग कप धुतला. ताईचाही धुतला. ओटाही पुसून घेतला.
पाच वाजून दोन मिनिटांनी साइट म्हणाली, मुदत संपली आहे.
मुदत नेहमी वाढवतात.

१६ एप्रिल, शुक्रवार
आईने विचारलं, फॉर्म भरलास? म्हटलं, भरला. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचा हात तापलेला होता. उन्हाळाच तसा आहे यंदा.

२३ एप्रिल, शुक्रवार
मुदत वाढवली नाही. एका अर्थी बरंच झालं. पाया पक्का करायला पूर्ण वर्ष मिळालं. आईला जरा हुशारी वाटू लागली की शांतपणे सांगेन.
बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, मग, तयारी? म्हटलं, जोरात.

२ मे, रविवार
आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. ताई म्हणाली, दोन दिवस सलाइन लावतील, तू येऊ नकोस. आईनेच बजावलंय, त्याला घरी बसून वाचू दे.
घरी बसलो. वाचलं. खरंच वाचलं, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. थर्मोडायनॅमिक्स पूर्ण, गणितांसकट. एकही गणित चुकलं नाही. आता त्याचा उपयोग काय हे मला विचारू नये. विचारणारं घरात कोणी नव्हतंच.

५ मे, बुधवार. दुपारी
न राहवून गेलो. आई पलंगावर एवढीशी दिसत होती. डोळे उघडून आधी तेच विचारलं, किती झालं?
म्हटलं, सगळं झालं.
म्हणाली, मग आता बस.
बसलो. बारा मिनिटांनी नर्सने वेळ संपली म्हणून बाहेर काढलं.

७ मे
आई गेली. सकाळी ६.४०.

११ मे, मंगळवार
परीक्षा आहे म्हणून दिवसकार्य तिसऱ्या दिवशीच उरकलं, आईच तसं सांगून गेली होती. लोक येतात, बसतात, जातात. जो तो म्हणतो, शेवटपर्यंत तुझ्या परीक्षेचंच बोलायची.
आज सगळे गेल्यावर ताईने सांगितलं. रिपोर्ट फेब्रुवारीतच आला होता. मशीनवर आईला बसवतच नव्हतं. मी खोलीत असलो की ती कण्हायचीसुद्धा नाही, तोंडात पदर धरायची. ताईला शपथ घातली होती: पेपर होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, पोराचं वर्ष वाया जाईल.
ताई रडत होती. तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं, म्हणत होती. माझी माफी मागत होती.
मी म्हटलं, असू दे.
तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती एवढी रडत होती.

१६ मे, रविवार. संध्याकाळी
ताईने सहाला उठवलं. म्हणाली, कितीही जड गेलं तरी जायचं, आईसाठी. शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. हॉल तिकीट घेतलंस ना, विचारलं. मी खिशावर हात ठेवला.
सेंटरपर्यंत गेलो. फाटक नऊला बंद झालं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. शेजारी एक बाई मुलीची पाण्याची बाटली धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुमचं कोण आहे आत?
म्हटलं, धाकटा भाऊ.
म्हणाल्या, काळजी करू नका हो, तुमच्यासारखं कोणी बाहेर थांबलंय म्हटल्यावर चांगलाच लिहील.
तीन तास बसलो तिथे. हातात पुस्तक नाही, मोबाइल नाही, असा आयुष्यात एवढा वेळ एका जागी बसलो नव्हतो.
ताई दारातच उभी होती. कसा गेला?
म्हटलं, सोपा होता.
ती नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. निकाल कधी, विचारलं. जूनमध्ये, म्हटलं. उद्या ती सासरी जाणार. म्हणाली, निकालाच्या दिवशी मी परत येते. एकट्याने बघू नकोस, आपण दोघं मिळून बघू.
बरं म्हणालो.