ठोके एकशे चाळीस, नियमित

४ फेब्रुवारी

आज खोलीवर राहायला आले आणि बऱ्याच दिवसांनी वाटलं, की या वेळी जमेल. खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकी एकच, पण मोठी, आणि टेबल तिच्याखाली नेमकं बसतं. उजेड डावीकडून येतो, त्यामुळे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. परीक्षेचं हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ.

घरात काका-काकू दोघंच, साठी ओलांडलेले. काका शिवणकाम करायचे. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून नुसती बटणं लावून देतात. काकू बोलक्या आहेत. माझं पुस्तकांचं खोकं बघून म्हणाल्या, की एवढं वाचलं की बाळं काय सरळ बाहेर येतात का. मी म्हटलं, सरळ आली तर पुस्तक लागत नाही, वाकडी आली तर लागतं. त्या इतक्या हसल्या की जिन्यातच टेकल्या.

खोली देताना त्यांची अट एकच असते. मुलगी स्त्रीरोग-प्रसूतीच्या पदव्युत्तर परीक्षेला बसणारीच हवी. मला बरं वाटलं. फळीवर आधीच्या मुलींची पुस्तकं राहिली आहेत. माझ्याकडे आहेत तीच. भलत्याच विसराळू होत्या म्हणायच्या.

६ फेब्रुवारी

एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. मागच्या खेपेला लेखीत पास झाले, प्रात्यक्षिकात राहिले. केस येत होती, वेळ पुरला नाही. गर्भाचे ठोके मी पूर्ण मिनिटभर मोजत बसले आणि केस मांडायला उभी राहिले तेव्हा परीक्षक घड्याळ बघत होते. आई म्हणते, तुझं लहानपणापासून असंच, सुईत दोरा ओवता ओवता दिवस मावळतो आणि फाटलेलं तसंच राहतं. बाबा एवढंच म्हणाले, की या वेळी नाही झालं तर घरी ये, इथल्या दवाखान्यात साधा डॉक्टरही पुष्कळ झाला. धमकी म्हणून म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. नियमाप्रमाणे ही माझी शेवटची संधी आहे.

पुरवणीला हे सगळं माहीत आहे. ती माझ्याबरोबर परीक्षेला बसते आहे. दर पेपरला सगळ्यांच्या आधी पुरवणी मागते, म्हणून तिचं हे नाव. तिचा सल्ला सरळ आहे. लाकडी नळी पोटावर टेकवायची, कान लावायचा, क्षणभर गंभीर चेहरा करायचा आणि म्हणायचं, ठोके एकशे चाळीस, नियमित. परीक्षेला ठेवलेली बाई सकाळी तपासूनच ठेवलेली असते. परीक्षक काही स्वतः कान लावून बघत नाहीत. तिच्या युनिटमधल्या सगळ्याजणी असंच म्हणत तरून गेल्या.

९ फेब्रुवारी

काकूंनी विचारलं, की मी उशीवर हात का फिरवत असते. पोट तपासायचा सराव, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, उशी काय कपाळ बोलणार, मी आडवी होते की.

दुपारची जेवणं झाल्यावर त्या माझ्या पलंगावर पडल्या. मी विचारत गेले आणि त्या न अडखळता सांगत गेल्या. पहिलटकरीण, नववा भरत आलेला, पायाला सूज नाही, डोकं दुखत नाही. मी म्हटलं, परीक्षेला मला तुमच्यासारखीच केस मिळो. त्यांनी पोटावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाल्या, पुढचं कर.

पोट सपाट. बेंबीखाली जुना उभा व्रण. गर्भपिशवी तरुणपणीच काढली, मूल नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. नळी रीतसर टेकवली, पुरवणीचं ऐकून लगेच कान काढला आणि म्हटलं, ठोके एकशे चाळीस, नियमित.

काकू छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, सगळ्या हेच सांगतात.

१२ फेब्रुवारी

सराव रोज चालू आहे. आज बाळाची हालचाल विचारली तर काकू म्हणाल्या, सकाळपासून नाही. मला वाटलं, केस अवघड करताहेत. चांगलंच आहे, परीक्षकही असंच करतात. पण मला मांडणी वेळेत बसवायची होती. ठोके एकशे चाळीस म्हणून पुढे गेले आणि आज पहिल्यांदा मांडणी वेळेत बसली. पुरवणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आता कशी माणसात आलीस.

पलंगावरून उठताना काकू पुन्हा म्हणाल्या, सकाळपासून हललं नाही. मला उद्देशून म्हणाल्या असं वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी

ते वाक्य डोक्यातून जाईना. आज ठरवून पूर्ण मिनिटभर कान लावला.

ठोके ऐकू आले.

शांतपणे लिहिते आहे. नळी कानाने दाबून धरायची असते, हात लावायचा नसतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे होते. एका हाताने काकूंची नाडी धरली, दुसरा स्वतःच्या गळ्यावर ठेवला. दोन्ही नाड्या संथ, एकमेकींपासून वेगळ्या. नळीतला आवाज तिसरा आणि खूप जलद. कापडाच्या घड्यांखाली घड्याळ ठेवल्यासारखा. असा आवाज मी हजारदा ऐकला आहे. तो दुसऱ्या कशाचाच नसतो.

काकूंनी विचारलं, किती. मी सांगितलं, एकशे छत्तीस. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१५ फेब्रुवारी

काकांना विचारलं. ते माझ्या ऍप्रनला बटण लावत होते. वर न बघता सांगत गेले.

लग्नानंतरचं पहिलंच बाळंतपण. काकू याच हॉस्पिटलात दाखल होत्या. परीक्षेला केस म्हणून येतेस का, असं विचारल्यावर त्या हौसेने तयार झाल्या. म्हणाल्या, पोरींचं भलं होईल. दिवसभर एकीमागून एक विद्यार्थिनी येत राहिली. प्रत्येकीला त्यांनी सांगितलं, की सकाळपासून हलत नाही. प्रत्येकीने मान डोलावली, नळी टेकवली आणि एकशे चाळीस सांगितलं. संध्याकाळी परीक्षा संपल्यावर एका सिस्टरने कान लावला, तोवर सगळं संपलं होतं. नंतर रक्त थांबेना, म्हणून पिशवीही गेली.

फळीवरच्या पुस्तकांचंही विचारलं. काका म्हणाले, ज्यांना काही ऐकू आलं नाही त्या परीक्षा देऊन, पुस्तकं घेऊन गेल्या. एकीला न्यायला तिचा भाऊ आला होता. पोरगी गाडीत बसली तरी कान दाराला लावूनच होती.

त्यांनी दोरा तोडला आणि ऍप्रन माझ्या हातात दिला. म्हणाले, तू दुसरी खोली बघ, मी तिला समजावतो.

१७ फेब्रुवारी

दुसरी खोली बघितली नाही. आधी खात्री करायला हवी. पुरवणीला बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त सरावाला ये म्हटलं. काकू आडव्या झाल्या. पुरवणीने नळी टेकवली आणि लगेच उचलली. एकशे चाळीस, नियमित, आणि चहा केव्हा, असं म्हणून हसली.

मी तिच्या कानाकडे बघत होते. तो नीट टेकलासुद्धा नव्हता. काकूही हसल्या, तिचं मन राखायला. ती गेल्यावर मी कान लावला. एकशे अठरा.

१९ फेब्रुवारी

एकशे बारा. ऐकत राहिलं की हळूहळू वर येतात. कान उचलून पुन्हा लावला की खाली गेलेले असतात. हे चार वेळा करून बघितलं. पाचव्यांदा करायची हिंमत झाली नाही.

एकशे दहाच्या खाली गेले तर काय करायचं ते मला येतं. ऑक्सिजन, डाव्या कुशीवर, लगेच ऑपरेशन थिएटर. पहिल्या वर्षातली मुलगीही सांगेल.

काकूंना पिशवी नाही. आत काही नाही. हेही मला येतं.

२२ फेब्रुवारी

वाचन बंद. आईचा फोन आला, झोपतेस ना, जेवतेस ना. हो म्हटलं. तेवढ्यात अठ्ठ्याण्णव झाले होते.

काकूंना विचारलं, दुखतं का. नाही म्हणाल्या. फक्त इतकी वर्षं जड वाटायचं, तू ऐकतेस तेवढा वेळ हलकं वाटतं.

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मी हात बाजूला केला. नीट ऐकू येत नव्हतं.

२४ फेब्रुवारी

घरी जायचं ठरवलं. बॅग भरली. दारापर्यंत गेले. मनात आलं, आत्ता किती असतील —

शहाऐंशी. बॅग दारातच आहे.

काका जिन्यात बसून होते.

२६ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकाची सकाळ. ऍप्रन घातला. निघताना एकदाच —

सत्तर. काकूंची नाडी नव्हे, ती मी धरली आहे, ती वेगळी. सत्तर.

ऐकते आहे. ऐंशी. डाव्या हाताने लिहिते, उजवा त्यांच्या मनगटावर. अक्षर वाकडं येतंय.

काकू म्हणतात, जा बाई. तुझं वर्ष जाईल. माझं काय, मला आता सवय आहे. खांद्याला ढकलतात. आवाज न करता रडताहेत. पोट हलतं, ठोका हुकतो. त्यांना म्हटलं, हलू नका.

पुरवणीचा फोन. काकांनी घेतला. ती यायची नाही, म्हणाले. तिथून काही विचारलं असावं. म्हणाले, बरी आहे, कामात आहे.

शहाण्णव. वर येताहेत.

एव्हाना माझा नंबर पुकारला असेल.

एकशे चार. काकूंना सांगितलं. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, मग आता काय करायचं. पोरी, तू तर शिकलीस.

येतं मला. सगळं पाठ आहे. बाळ जिवंत, दिवस भरलेले, ठोके सुधारताहेत — म्हणजे आता बाहेर काढायचं — आत्ताच — पण कुठून —

ठोका थांबला. नाही, आहे. लांब गेला.

काकू, श्वास रोखा — जरा — मला ऐकू —